'आय अ‍ॅग्री' म्हणण्याआधी

आपल्या होस्टेलवर रोज सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं खोटं कोणतं? 'सर, तब्येत बरी नव्हती' याचा नंबर दुसरा. पहिला नंबर लागतो तो 'वरील अटी मी वाचल्या आहेत आणि त्या मला मान्य आहेत' याचा. सॉफ्टवेअर उतरवताना, नवीन अ‍ॅप टाकताना, फ्रीलान्सिंगच्या साइटवर खातं उघडताना आपण डोळे झाकून त्या चौकोनात टिक मारतो. वाचल्याचं खोटं असतं, पण करार मात्र खरा असतो. आणि अगदी खाली जाऊन पाहिलंत तर शेवटच्या एखाद्या कलमात पुष्कळदा सापडेल की, या कराराला कॅलिफोर्निया किंवा डेलावेअर राज्याचा कायदा लागू राहील. म्हणजे आपण इथे मेस उघडायची वाट बघत बसलोय आणि बांधले गेलोय सातासमुद्रापलीकडच्या एका राज्याच्या कायद्याने!

माझं म्हणणं साधं आहे. इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पदवी हातात पडायच्या आत अमेरिकन करार कायद्याची मूलतत्त्वं शिकून घ्यावीत. वकील होण्यासाठी नाही, कोर्टात कुणाला हरवण्यासाठी तर मुळीच नाही. सही करण्याआधी आपण काय देतोय आणि काय घेतोय हे कळावं, एवढ्यासाठी.

तुम्ही म्हणाल, इथे एम-थ्री सुटत नाही आणि हा अमेरिकेचा कायदा कुठून काढला? अरे, पण आपल्यापैकी कितीजण अमेरिकन क्लायंटची कामं करतात, हे आपल्याच विंगमध्ये विचारून बघा. कुणी वेबसाइट बनवतोय, कुणी कॅडची ड्रॉइंग्ज करून देतोय, कुणी तिकडच्या स्टार्टअपमध्ये घरबसल्या इंटर्न आहे. पुढे एमएसला जाणारे तर आहेतच. ही माणसं करार करतात. फक्त तो करार आहे हे त्यांना माहीत नसतं.

आता हा विषय आहे तरी कसा? आपल्याकडे १८७२ चा भारतीय करार अधिनियम आहे. एक पुस्तक, त्यात कलमं, झालं. अमेरिकेत तसं एकच पुस्तक नाही. करार हा तिकडे राज्यांचा विषय, आणि बराचसा कायदा न्यायाधीशांनी एकेका खटल्यात निकाल देत देत घडवलेला. मालाच्या खरेदी-विक्रीसाठी 'युनिफॉर्म कमर्शियल कोड' नावाची संहिता आहे. तिचा विक्रीबद्दलचा भाग लुइझियाना सोडून सगळ्या राज्यांनी घेतला आहे. बाकी कामासाठी निकाल, आणि त्या निकालांचं सार सांगणारा 'रीस्टेटमेंट' हा ग्रंथ, ज्याची दुसरी आवृत्ती १९८१ ची. शिकवण्याची पद्धतही वेगळी. हार्वर्डच्या लॅंगडेल यांनी १८७० च्या सुमारास व्याख्यानं बाजूला ठेवून मुलांच्या हातात थेट खटलेच दिले, आणि १८७१ मध्ये त्यांनी काढलेलं खटल्यांचं पुस्तक करार याच विषयावरचं होतं. आजही तिकडे कायद्याच्या पहिल्या वर्षाला करार हा विषय असतोच. व्याख्या पाठ करायची नाही. काय घडलं ते वाचायचं आणि नियम आपणच शोधून काढायचा. म्हणजे आपल्या प्रॅक्टिकलसारखंच, फक्त रीडिंग शेजाऱ्याच्या फाइलमधून उतरवता येत नाही.

पहिला नियम घ्या. तुमच्या मनात काय होतं याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. तुमच्या बोलण्या-वागण्यावरून समोरच्या शहाण्या माणसाने काय समजावं, याच्याशी आहे. १९५४ चा लुसी विरुद्ध झेमर हा व्हर्जिनियातला खटला. झेमरने हॉटेलच्या बिलामागे लिहून दिलं की, आमचं शेत ५०,००० डॉलरला विकलं. नवरा-बायको दोघांनी सह्या केल्या. नंतर म्हणाला, अहो, दोघेही प्यायलो होतो, मी थट्टा करत होतो! कोर्ट म्हणालं, थट्टा तुझ्या मनात असेल, समोरच्याला ती दिसली नाही. शेत द्यावं लागलं. आता याच्या उलट टोकाचा खटला बघा. १९९६ साली पेप्सीने एका जाहिरातीत गमतीने दाखवलं की ७० लाख पॉइंट्स जमवा आणि हॅरियर लढाऊ विमान मिळवा. एका पोराने खरंच हिशोब केला, सुमारे ७ लाख डॉलरचा चेक धाडला आणि विमान मागितलं. १९९९ मध्ये कोर्टाने सांगितलं, कुठल्याही समजदार माणसाला हा विनोद आहे हे कळायला हवं होतं. नियम दोन्हीकडे तोच. मोजपट्टी बाहेरची, मनातली नाही. 'मला तसं म्हणायचं नव्हतं' हे वाक्य व्हायवात चालत नाही, तसं इथेही चालत नाही.

दुसरा नियम प्रतिफलाचा, म्हणजे कन्सिडरेशनचा. फुकटचं वचन कोर्ट सहसा पाळायला लावत नाही. बदल्यात काहीतरी हवं. मराठी माणसाला काका-पुतण्या म्हटलं की शनिवारवाडा आठवतो, अमेरिकन वकिलाला आठवतो हेमर विरुद्ध सिडवे, १८९१. काकाने पुतण्याला सांगितलं होतं की, एकविसाव्या वर्षापर्यंत दारू, तंबाखू, शिवीगाळ आणि पैसे लावून पत्ते-बिलियर्ड्‌स यांपासून लांब राहिलास तर ५,००० डॉलर देईन. पोराने पाळलं. काका पैसे न देताच वारले. त्यांच्या इस्टेटीचा कारभारी म्हणाला, यात पुतण्याचाच फायदा झाला, त्याने दिलं काय? न्यूयॉर्कचं कोर्ट म्हणालं, जे करायचा त्याला हक्क होता ते त्याने काकांच्या शब्दाखातर सोडलं, हेच प्रतिफल. मात्र नुसत्या कृतज्ञतेने दिलेला शब्द वेगळा. १८२५ च्या मिल्स विरुद्ध वायमन खटल्यात आजारी तरुणाची शुश्रूषा एका परक्या माणसाने आधीच केलेली होती. बापाने नंतर खर्च द्यायचं लिहून कळवलं आणि मग हात वर केले. मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टाने सांगितलं की, ही नैतिक जबाबदारी असेल, कायद्याची नाही. ऐकायला कडू आहे. पण 'प्रोजेक्ट छान झाला, पुढच्या महिन्यात बोनस देऊ' असं क्लायंटने काम संपल्यावर म्हटलं, तर त्यावर नवीन लॅपटॉपची स्वप्नं का बघू नयेत, ते यावरून कळतं.

आता आपल्या जातीचा खटला. सिव्हिलवाल्यांनी इकडे लक्ष द्यावं. न्यूयॉर्क राज्यात केंट नावाच्या गृहस्थांचं सुमारे ७७,००० डॉलर खर्चाचं घर बांधलं गेलं. स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलं होतं की, नळाचे पाइप 'रीडिंग' या कारखान्याचेच हवेत. कंत्राटदाराच्या माणसांनी नजरचुकीने काही पाइप दुसऱ्या कारखान्यांचे टाकले. दर्जा तोच, किंमत तीच, फक्त शिक्का वेगळा. मालकाला कळलं तेव्हा भिंती लिंपून झालेल्या. तो म्हणाला, भिंती फोडा, पाइप बदला, नाहीतर उरलेले साडेतीन हजार डॉलर विसरा. १९२१ साली न्यायमूर्ती कार्डोझो यांनी निकाल कंत्राटदाराच्या बाजूने दिला. चूक मुद्दाम केलेली नाही, किरकोळ आहे, आणि मूळ काम पुरं झालंय. अशा वेळी भरपाई ठरवायची ती घराच्या किमतीत पडलेल्या फरकाइतकी, पाडकामाच्या खर्चाइतकी नाही. इथे तो फरक जवळपास शून्य!

हा निकाल वाचल्यावर मला पहिल्यांदा टॉलरन्स या शब्दाचा कायद्यातला अर्थ कळला. शाफ्टच्या ड्रॉइंगवर आपण अधिक-उणे लिहितो ना, तसं कोर्टही सेवेच्या आणि बांधकामाच्या करारात थोडं अधिक-उणे धरून चालतं. पण दोन गोष्टी विसरू नका. एक, 'अमुकच पाइप, नाहीतर पैसे नाहीत' असं स्पष्ट शब्दांत लिहिलं असेल तर ते चालतं, हे कार्डोझोंनीच म्हटलंय. दोन, तयार मालाच्या विक्रीत नियम बराच कडक आहे. माल करारानुसार तंतोतंत नसेल तर गिऱ्हाईक तो नाकारू शकतं, जरी विकणाऱ्याला बऱ्याचदा सुधारून द्यायची संधी मिळत असली तरी. म्हणून आपण वस्तू विकतोय की सेवा, हे आधी ठरवायला हवं.

करार मोडला तर काय? इथे आपल्या संस्कारांना धक्का बसतो. आपल्याकडे 'शब्द दिला' म्हणजे प्राण जाये पण वचन न जाये. न्यायमूर्ती होम्स यांनी १८९७ च्या बोस्टनमधल्या भाषणात मांडलेला विचार याच्या अगदी उलट होता. करार पाळण्याचं कर्तव्य म्हणजे, न पाळल्यास भरपाई द्यावी लागेल एवढंच भाकीत. अमेरिकन कायदा करार मोडणाऱ्याला सहसा शिक्षा करत नाही. हिशोब करतो. करार पाळला गेला असता तर तुम्ही जिथे असता, तिथे पैशाने नेऊन ठेवतो. १९२९ च्या हॉकिन्स विरुद्ध मॅक्गी खटल्यात विजेच्या तारेने भाजलेला हात शंभर टक्के चांगला करून देतो असं डॉक्टर म्हणाले. छातीची कातडी हाताला लावली आणि तळहातावर केस उगवले. भरपाई कशी मोजायची? कबूल केलेला चांगला हात आणि प्रत्यक्ष मिळालेला हात, यांतल्या फरकाने. वेदनांचा वेगळा हिशोब नाही, कारण तो चांगल्या हातासाठीही सोसायच्याच होत्या.

पण हे मीटर वाटेल तसं पळवता येत नाही. त्याच १९२९ सालचा ल्यूटन ब्रिज कंपनीचा निकाल बघा. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका काउंटीने पुलाचं काम दिलं आणि लगेच कळवलं की आम्हाला पूल नको, रस्ताच रद्द झालाय. तोवर झालेलं काम सुमारे १,९०० डॉलरचं. कंपनी थांबली नाही. जंगलात, रस्ता नसलेल्या जागी पूल बांधला आणि १८,००० डॉलरच्या वर बिल लावलं. कोर्टाने सांगितलं, नको म्हटल्यानंतर नुकसान वाढवत बसायचा तुम्हाला हक्क नाही. नोटीस मिळेपर्यंतचं काम आणि त्या करारातला नफा, बस. मेकॅनिकलवाल्यांसाठी हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल आहे. खटला इंग्लंडचा, १८५४ चा, पण अमेरिकेने आपला म्हणून दत्तक घेतला. गिरणीचा शाफ्ट तुटला, तो नमुन्यासाठी पोचवायला वाहतूकदाराने उशीर केला, गिरणी बंद राहिली. बुडालेला नफा मिळाला नाही, कारण शाफ्टवाचून गिरणी बंद पडून राहील हे वाहतूकदाराला कळण्याजोगं नव्हतं. धडा सरळ आहे. तुमची गरज तातडीची असेल तर ती करारापूर्वी तोंडाने नाही, लिहून सांगा.

लिहून यावरून आठवलं. आमच्या विंगमधल्या एका मित्राने अमेरिकेतल्या एका छोट्या दुकानदारासाठी मालाचा साठा मोजणारं अ‍ॅप बनवलं. ९०० डॉलर ठरले. चॅटवर ठरलं की निम्मे डेमोनंतर, निम्मे शेवटी. मग तीन पानांचा करार आला, मित्राने सही करून पाठवला. रात्रीचा दिवस करून अ‍ॅप पुरं केलं, ते चाललंही. क्लायंट म्हणाला, 'मला लुक आवडला नाही', आणि गप्प झाला. तेव्हा कुठे आम्ही चौघांनी मिळून करार वाचला. त्यात होतं की, पैसे क्लायंटचं समाधान झाल्यावर, सगळे एकदम. कोडचे हक्क मात्र कोड पाठवल्याक्षणी क्लायंटचे. शिवाय 'हाच संपूर्ण करार' असं एक कलम. या कलमाचा अर्थ, आधी चॅटवर किंवा फोनवर जे बोललात ते या कागदाच्या आड आणायचं नाही. अमेरिकन कायद्यात लेखी करार अंतिम आहे असं ठरलं की आधीची बोलणी त्याला खोडून काढू शकत नाहीत. तो निम्म्या-निम्म्याचा शब्द तिथेच संपला.

गंमत म्हणजे कायदा पूर्णपणे मित्राच्या विरुद्ध नव्हता. 'समाधान झाल्यावर पैसे' या अटीबद्दल तिथली कोर्टं साधारणपणे भेद करतात. चित्र काढून घेतलं तर आवडनिवड मालकाची, फक्त नापसंती प्रामाणिक हवी. यंत्र किंवा उपयोगाची वस्तू असेल तर बहुधा असं बघतात की, शहाण्या माणसाचं समाधान झालं असतं का? साठा मोजणारं अ‍ॅप साठा बरोबर मोजतंय ना? शिवाय प्रामाणिकपणे वागायची जबाबदारी प्रत्येक करारात न लिहिताही धरलेली असते. पण हे सांगायचं कुणाला? करारात लिहिलेलं की वाद झाला तर त्यांच्या गावी, लवादापुढे. आणि अमेरिकेत वकिलाचा खर्च, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, जिंकणाऱ्यालाही स्वतःचा स्वतःच करावा लागतो. ९०० डॉलरसाठी कोण जाणार? कुणी गेलं नाही. त्या सेमिस्टरची मित्राची मेसची फी त्याच्या मोठ्या भावाने भरली.

म्हणून मी म्हणतो की हा कायदा आपल्यासारख्यांना भांडण झाल्यावर फारसा कामाला येत नाही. कामाला येतो तो सहीच्या आधी, दहा मिनिटं. 'निम्मे पैसे डेमोनंतर' हे करारात घाला, आणि 'हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावर' असं बदला, एवढे दोन ईमेल त्याच वेळी गेले असते तर क्लायंटने कदाचित ऐकलं असतं. न ऐकता तर काम घ्यायचं नाही, हे तरी कळलं असतं.

कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांना तर हा विषय रोजच्या कामाचा आहे. १९९६ मध्ये प्रोसीडी खटल्यात कोर्टाने सॉफ्टवेअरच्या खोक्यातला परवाना बंधनकारक मानला, कारण नको तर परत करायची सोय होती. २००२ मध्ये नेटस्केपच्या खटल्यात उलट झालं. अटी डाउनलोडच्या बटणाच्या खाली, स्क्रोल केल्याशिवाय न दिसणाऱ्या जागी होत्या, म्हणून बटण दाबलं ही संमती धरता येत नाही, असं ठरलं. बटण पानावर कुठे ठेवायचं हा डिझाइनचाच नाही, कराराचाही प्रश्न आहे! आणि ओपन सोर्स म्हणजे फुकट, वाटेल ते करा, असं समजणाऱ्यांनी २००८ चा जेकबसेन विरुद्ध कॅट्झर हा निकाल वाचावा. खेळण्यातल्या आगगाड्या चालवणारं ते सॉफ्टवेअर. पण त्याच्या परवान्यातल्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असं अपील कोर्टाने सांगितलं. नेटवरून कोड उचलून फायनल इयरच्या प्रोजेक्टला चिकटवणाऱ्या समस्त बंधू-भगिनींना हा निकाल प्रेमपूर्वक अर्पण.

आता कुणाला वाटेल की मी अमेरिकेची आरती ओवाळतोय. तसं नाही. हा कायदा सही करणाऱ्याने वाचलंय असं धरून चालतो, आणि त्याचा फायदा अर्थातच वकील बाळगणाऱ्यांना जास्त होतो. १९६५ च्या विल्यम्स खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने, हप्त्यावर फर्निचर घेणाऱ्या गरीब बाईंच्या बाबतीत, अतिशय अन्यायकारक करार कोर्ट नाकारू शकतं असं सांगितलं खरं. पण २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, सुमारे ३० डॉलरच्या तक्रारी घेऊन आलेल्या मोबाइल ग्राहकांना, करारातल्या लवादाच्या कलमामुळे एकत्र येऊन लढायची वाट बंद केली. एवढ्या पैशासाठी एकटा कोण लढेल? त्यामुळे कौतुक म्हणून नाही, सावधपणा म्हणून शिका.

आणि दुसऱ्याचा कायदा शिकताना आपला जास्त कळतो, हा फायदा वेगळाच. कॅलिफोर्नियात नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जायला बंदी घालणारी अट बहुतांशी निरर्थक ठरते. तो नियम १८७२ पासूनचा. आपल्या करार अधिनियमाचं २७ वं कलमही तेच म्हणतं, आणि सालही १८७२. न्यूयॉर्कमध्ये मात्र वाजवी असेल तर अशी अट चालू शकते. म्हणून कोणत्या राज्याचा कायदा लिहिलाय ते बघायचं. बाँडचंही तसंच. तिकडे आधीच ठरवलेली रक्कम नुकसानीचा वाजवी अंदाज असेल तर मिळते, दंड असेल तर मिळत नाही. आपलं ७४ वं कलम ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई म्हणतं. आणि २०२५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा नोकरीचा बाँड वैध ठरवला. 'बाँड-बिंड काही नसतं रे, कोर्टात टिकत नाही', हे कॅंटीनमधलं ब्रह्मवाक्य आता तरी बंद व्हावं. ते ऐकून सही करणारे आपल्यातलेच असतात.

सरांना आणि प्लेसमेंट सेलला एक विनंती. अ‍ॅप्टिट्यूड आणि ग्रुप डिस्कशनच्या तयारीसाठी आपण शनिवार खर्च करतो, त्यांतले चार या विषयाला द्या. जवळच्या लॉ कॉलेजमधले प्राध्यापक बोलवा. सिलॅबस नको, परीक्षा नको, अ‍ॅटेंडन्स तर नकोच. एकेका शनिवारी दोन खटले आणि एक खरा करार. पाइपवाल्या केंटच्या बाजूने सिव्हिलची पोरं आणि कंत्राटदाराच्या बाजूने मेकॅनिकलची उभी करा, मग बघा हॉलमध्ये जागा पुरते का.

तोपर्यंत, मित्रांनो, सही किंवा टिक करण्याआधी चार प्रश्न तरी विचारा. पैसे नेमके कधी आणि कशावर मिळणार? केलेलं काम कुणाचं आणि कधीपासून? बोलून ठरलेलं सगळं कागदावर आलंय का? आणि वाद झाला तर कुठल्या कायद्याने, कुठल्या गावी? चारपैकी एकाचंही उत्तर सापडलं नाही, तर क्लायंटला विचारा. विचारल्याने काम जात नाही. आणि विचारलं म्हणून गेलंच, तर ते काम बहुधा पैसे न देणारंच होतं असं समजा.